सोड तिला

सुमंतला सांगलीत सगळे चांगला माणूस म्हणतात. आपल्याकडे चांगल्या माणसाची व्याख्या फार स्वस्त आहे: जो कुणाला नाही म्हणत नाही, तो चांगला. शाळेत खेळाचा शिक्षक, पहाटे उठून पोरींना सायकलिंग शिकवणार, कुणाच्या लग्नात वाढपी कमी पडले तर आपणहून बुंदीचं ताट उचलणार. नाही म्हणायची वेळ आली की मात्र त्याला नेमका खोकला येतो. खोटं वाटत असेल तर विचारा कुणालाही. आता या चांगुलपणानं एका पोरीचं काय केलं, ते ऐका.

पोरीचं नाव माया. जत तालुक्यातली, धनगराची. बाप हरिबा, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठ धरणारा आणि पाऊस पडलाच तर परत येऊन बाजरी पेरणारा. सुमंत तिथं शाळांच्या तालुका स्पर्धांना पंच म्हणून गेला होता. त्या दिवशी वारं असं सुटलं होतं की मैदानावर फक्कीनं मारलेली रेघ टिकेना. सायकल शर्यतीतल्या बाकीच्या पोरी सायकली हातात धरून चालायला लागल्या, आणि ही एकटी बापाच्या उंच सायकलवर टांग टाकून, वाऱ्याला शिंगावर घेत शेवटपर्यंत आली. सुमंतची नजर चोख आहे, त्याबद्दल वाद नाही. काय पाहिलं ते त्याला तिथल्या तिथं कळलं. तसाच तो वस्तीवर गेला आणि हरिबाला म्हणाला, पोरगी माझ्या हवाली करा, हिला देशाची जर्सी घालून मेडल मिळवून देतो. हरिबानं बराच वेळ तंबाखू मळली आणि एवढंच विचारलं, की मास्तर, शबूद देताय न्हवं? सुमंतनं दिला. शब्द देताना त्याला कधीच खोकला येत नाही.

पण पोरीला ठेवायची कुठं? सुमंतच्या दोन खोल्यांत त्याचीच माणसं मावत नव्हती. मग धावून आला पुष्कर. पुष्कर म्हणजे सांगलीतलं बडं प्रस्थ. गावात ट्रॅक्टरची शोरूम, विश्रामबागेत बंगला, जिल्हा सायकल संघटनेचा अध्यक्ष, आणि सुमंत ज्या शाळेत शिकवतो तिच्या कार्यकारिणीवर. सुमंतची नोकरी कायम झाली ती त्याच्या एका फोनवर, आणि ही गोष्ट दोघांपैकी कुणीच कधी बोलून दाखवत नसे. पुष्करची मुलगी ज्ञानदा सायकल चालवायची. मायाच्याच वयाची. तिला सरावाला सोबत हवीच होती. पुष्करनं मायाला गच्चीवरची खोली दिली, चांगली सायकल दिली, आणि चारचौघांत सांगितलं की आजपासून मला दोन मुली.

दोन मुली, बरं का. शरयूकाकू, म्हणजे पुष्करची बायको, दोघींना एकाच पंगतीला वाढायची, तूप दोघींच्या भातावर सारखं. बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त सकाळी दोन्ही सायकली पुसून, हवा भरून फाटकाशी उभ्या असायच्या, त्या माया उभ्या करायची. दळण माया आणायची. ज्ञानदाला परीक्षा असली की माया जिन्यावरनं पाय न वाजवता उतरायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, तेच तर त्यातलं दुखणं. कुणी सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

सायकलच्या शर्यतीत आडोशाला फार किंमत. पुढची पोरगी वारा अंगावर घेते, मागची तिच्या आडोशाला राहून आपली ताकद राखते आणि शेवटाला पुढे निघून जाते. नाव मागचीचं होतं, पुढची नुसती दमते. एका संघात एक नायिका आणि बाकीच्या तिचा आडोसा, असंच चालतं, जगभर चालतं, त्यात वावगं काही नाही. वावगं एवढंच की सांगलीच्या जोडीत आडोसा कोण आणि नायिका कोण, हे पायांवरून ठरलं नव्हतं. ज्ञानदा मेहनती होती, मनानं सरळ होती, पण माया तिच्यापेक्षा कितीतरी पट सरस होती, आणि हे ज्याला पक्कं ठाऊक होतं असा माणूस एकच. तोच खोकणारा.

यंदा आशियातल्या ज्युनिअर मुलींची रोड रेस साताऱ्याला भरली. जपान, कझाकस्तान, कोरिया, कुठकुठल्या पोरी आल्या. साताऱ्याहून निघायचं, पाचवडवरून वाईला यायचं आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीत संपवायचं. राष्ट्रीय सायकल संघटनेनं भारताच्या संघात माया आणि ज्ञानदा दोघींना घेतलं, शिवाय हरियाणाच्या दोघी, आणि यजमान राज्याचा म्हणून प्रशिक्षकाचं काम आलं सुमंतकडे. पहिल्या तिघींत जी भारतीय पोरगी येईल तिला थेट राष्ट्रीय शिबिरात जागा: राहणं, खाणं, सायकल, परदेशातल्या शर्यती, सगळं तिथलं. ज्युनिअर म्हणून दोघींचं हे शेवटचं वर्ष. ज्ञानदाला हुकलं असतं तर पुण्याचं कॉलेज होतं, बापाची शोरूम होती. मायाला ही एकच वाट, गच्चीवरच्या खोलीतून आपल्या पायांनी बाहेर पडायची. नाहीतर सायकल पुष्करची, खोली पुष्करची, आणि शर्यती संपल्या की कुणाची सोबत म्हणून तिला ठेवून घेणार? पुन्हा जत, पुन्हा मेंढरं.

आदल्या दुपारी साताऱ्याच्या हॉटेलात संघाची बैठक झाली. पुष्करचं तिथं काही काम नव्हतं, पण अध्यक्षाला दार कोण लावणार? त्यानं चहा सांगितला आणि चहाबरोबर हेही सांगितलं, की ज्ञानदा आपली लीडर, बाकीच्या तिच्यासाठी खेळतील, काय सुमंत? सुमंत म्हणाला, हो दादा, तेच ठरलंय. कुठं ठरलं होतं, कुणी ठरवलं होतं? कपातला चहा ढवळत तो मायाकडे बघायचं टाळत होता.

मग बाहेर, हॉटेलच्या मागं सायकली धुवायला ठेवल्या होत्या तिथं, त्यानं मायाला गाठलं. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "घाटात बघू. मी बाटल्या द्यायला देवळाच्या वळणावर उभा असेन. मी सांगेन तेव्हा जा. मागं बघू नकोस."

"तुमी सांगनार न्हवं, सर?" मायानं विचारलं.

"मी सांगणार," सुमंत म्हणाला. आणि त्या वेळी त्याला खरंच तसं वाटत होतं. अशा माणसांची हीच गंमत असते. बोलताना ती खोटी नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी चांगली झोंबत होती. ज्युनिअर मुलींच्या शर्यतीत कानात यंत्र लावून सूचना द्यायला बंदी असते. प्रशिक्षकाला बोलायला जागा एकच: जिथं पाणी द्यायची परवानगी असते तिथं रस्त्याकडेला उभं राहायचं आणि पोरगी समोरून जाईल तेवढ्यात काय ओरडायचं ते ओरडायचं. ती जागा घाटात, देवळाच्या वळणावर होती. सुमंत दोन्ही हातांत बाटल्या घेऊन उभा राहिला. माकडं कठड्यावर बसून बाटल्यांकडं बघत होती, आणि एक स्वयंसेवक त्यांना काठी दाखवण्यात गुंतला होता. तेवढ्यात आयोजकांच्या गाडीतून पुष्कर उतरला आणि सुमंतच्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला. त्याला तिथं थांबायचा अधिकार होता की नाही देव जाणे, पण गळ्यात कार्ड होतं. म्हणाला, लेकीला इथूनच बघतो.

पोरी अजून यायच्या होत्या. जरा पलीकडे होता का दादा, तिकडून चांगलं दिसेल, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? त्याला खोकला आला.

हरियाणाच्या दोघी वाईतच मागं पडल्या होत्या. घाटाच्या खालच्या वळणांवरून रंगीत ठिपके वर सरकताना दिसत होते, एकेक ठिपका गळत होता. वळणावर आल्या तेव्हा पुढं चौघीच उरल्या होत्या. निळ्या जर्सीची कझाक पोरगी, तिला लागून जपानची, मग माया, आणि मायाच्या आडोशाला ज्ञानदा. ज्ञानदाचं तोंड उघडं, चेहरा पांढराफटक, खांदे डुलत होते. चढाला खांदे डुलायला लागले की समजावं, पाय संपले. आणि माया? मायाचं तोंड मिटलेलं होतं. इतका घाट चढून आलेली पोरगी नाकानं श्वास घेत होती. ती मागं वळून ज्ञानदाला बघत होती आणि तिच्यासाठी आपला वेग मारत होती.

त्याच घडीला निळी पायडलवर उभी राहिली आणि सुटली. जपानची तिच्या मागं लागली. मायाचे हात हँडलवर आवळले गेले, ते सुमंतला दिसले. हीच ती वेळ. आत्ता गेली तर पोरगी मेडल घेऊन येते, कदाचित सोन्याचं. 'ज्ञानदाला सोड', एवढंच म्हणायचं होतं. सुमंतनं छाती भरून श्वास घेतला. शेजारी पुष्कर, इतका जवळ की त्याच्या अत्तराचा वास येत होता, लेकीच्या नावानं टाळ्या पिटत होता. सुमंतनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग तो ओरडला:

"माया, सोड तिला!"

तिला. आपल्या भाषेत हा शब्द फार सोयीचा आहे. नाव न घेता काम भागवायची तर आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची सवय. कोण ती? पुढं पळालेली निळी, की मागं रेंगाळलेली ज्ञानदा? ज्याला जी हवी ती त्यानं घ्यावी. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही पोरीच्या उभ्या जन्माचा सवाल असताना. थू त्या चांगुलपणावर.

मायानं पुढं केलेली बाटली घेतली नाही. तिनं सुमंतकडं पाहिलं, मग पुष्करकडं, मग पुन्हा सुमंतकडं. तिच्या पाठीमागून ज्ञानदा काहीतरी पुटपुटली. मग मायानं मान खाली घातली, वेग आणखी कमी केला आणि ज्ञानदाला आडोशाला घेऊन चढाला लागली. निळी पुढच्या वळणाआड गेली.

"कुणाला सोड म्हणालास रे?" पुष्करनं विचारलं.

सुमंत खोकला. "त्या निळीला, दादा. तिच्या मागं लागल्या तर दोघी दमतील."

पुष्करनं त्याच्या पाठीवर थाप मारली. डोकं आहे तुला, म्हणाला. सुमंतच्या मनात मात्र संताप खदखदत होता, आणि तो संताप कुणावर म्हणाल, तर मायावर. पोरीला एवढं कळू नये? चार वर्षं घातली हिच्यावर, काल कानात सांगितलं, आणि ऐन वेळी अर्थाचा अनर्थ केला? धनगराचं डोकं, दुसरं काय. असं तो मनातल्या मनात म्हणाला, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

ते गाडीनं पाचगणीला शाळेच्या मैदानावर पोचेपर्यंत शर्यत संपली होती. निळी पहिली, जपानची दुसरी. मायानं ज्ञानदाला सबंध घाट वर ओढून आणलं होतं. मागून येणाऱ्या कोरियाच्या दोघींना शेवटपर्यंत जवळ येऊ दिलं नव्हतं, आणि रेघ दिसायला लागल्यावर ती बाजूला झाली. ज्ञानदा तिसरी. माया तिच्या मागच्या चाकाला चाक लावून चौथी. चौथीला टाळ्या असतात, दुसरं काही नसतं.

पुष्कर रडत होता, शरयूकाकू रडत होती, ढोल वाजत होते. हरिबा वस्तीवरच्या चार माणसांना घेऊन जतहून जीपनं आला होता. त्यानं भंडाऱ्याची पिशवी सोडली आणि आधी ज्ञानदाच्या कपाळाला लावला, मग लेकीच्या. लेक कितवी आली हे त्याला कळलं होतं. चौथी का आली हे कळलं नव्हतं. तो तिच्या पोटऱ्यांकडं बघत राहिला. आयुष्यभर जनावरांचे पाय बघितलेला माणूस तो, थकलेले पाय कुठले आणि न थकलेले कुठले, त्याला सांगावं लागत नव्हतं.

ज्ञानदानं मेडल गळ्यात घालून घेतलं, मंचावरून खाली आली आणि सरळ सुमंतपाशी गेली. तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, सर, मी तिला वळणावर म्हणाले होते, तू जा. ती गेलीच नाही. सुमंत म्हणाला, असू दे बाळा, आनंदाचा दिवस आहे.

मग माईकवाले आले. वळणावर तुम्ही मायाला काय सांगितलंत, असं एकीनं विचारलं. पुष्कर शेजारीच होता. सुमंतला आता खोकलाही आला नाही. त्यानं कॅमेऱ्याकडं बघून व्यवस्थित सांगितलं, की कझाक मुलगी सुटली तेव्हा मी निर्णय घेतला, मायाला ओरडलो की सोड तिला, ज्ञानदाबरोबर राहा. हीच आमची रणनीती होती. मायानं ती शंभर टक्के पाळली. संघभावना म्हणतात ती हीच. पुष्करनं तिथंच जाहीर करून टाकलं, की ज्ञानदाबरोबर शिबिराला सुमंत सरही सहायक प्रशिक्षक म्हणून जावेत यासाठी मी शब्द टाकणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलता बोलता सुमंतची नजर गर्दीकडं गेली. माया सायकल धरून हाकेच्या अंतरावर उभी होती आणि ऐकत होती.

आता सांगा, एखादा माणूस इथं तरी गप्प बसला असता की नाही? पण चांगल्या माणसाला आपण चांगले आहोत याची पावती लागते. गर्दी पांगल्यावर तो मायाकडं गेला. शाळेच्या कुंपणाशी हरिबाच्या जीपजवळ ती उभी होती, हरिबा पलीकडे टपावर गाठोडं बांधत होता. सुमंतनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाला, "तुझा घोटाळा झाला गं. मी ज्ञानदाला सोड म्हणत होतो. असू दे, चुकतं माणूस. मी टीव्हीवर सांभाळून घेतलं बघ, तुझी चूक कुणाला कळू दिली नाही."

मायानं त्याचा हात खांद्यावरून काढला. ओढून नाही, सावकाश.

"चूक न्हाई झाली, सर. मला कळलं हुतं कुनाला म्हनताय ते."

सुमंतनं विचारलं, कळलं होतं तर गेली का नाहीस?

"तुमी काकांकडं बघितलंसा आन मग तिला म्हनलासा. नाव न्हाई घेतलं. तवाच कळलं, की काका इचारत्याल तवा तुमी म्हननार, मी तर त्या निळीला सोड म्हनलं हुतं. तुमची सुटका हुती त्यात. माझी कुठं हुती? मी गेले असते आन मेडल घिऊन त्यांच्या घरात परत आले असते, तर सगळ्यांनी म्हनलं असतं, ज्या घरचं खाल्लं तिथलीच पोरगी घाटात टाकून आली. आन तुमी खोकत बसला असतासा."

हरिबाचे हात टपावर थांबले होते. तो ऐकत होता.

"तुमी येकदा नुसतं ज्ञानदाला सोड म्हनला असतासा," माया म्हणाली, "तर मी ती शर्यत बी मारली असती आन ते घर बी सोडलं असतं. तुमच्या येका शब्दाच्या जिवावर सोडलं असतं."

तिनं सायकल त्याच्या हातात दिली. सायकल पुष्करची होती, ती तिला न्यायची नव्हती. मग हरिबा गाठोडं बांधून जीपमध्ये बसला आणि ती बापाशेजारी जाऊन बसली. हरिबानं सुमंतकडं एकदा पाहिलं आणि गाडी काढायला सांगितली.

जीप वळून गेली तरी सुमंत सायकल धरून तिथंच उभा होता. मैदानाच्या बाजूनं पुष्कर त्याला हाका मारत होता, फोटो काढायचा होता, प्रशिक्षकाशिवाय कसा निघणार. अजून वेळ होती. नाही येत म्हणता आलं असतं, निदान तेवढं तरी. त्यानं सायकल कुंपणाला टेकवली, चेहरा पुसला आणि म्हणाला, "आलो, दादा."